आमच्या पार्कातल्या लढाया

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मेधाला नुसतं घराबाहेर काढायचं, बाकीचं आपोआप होतं!

मेडनहेडला आमचं आणि मेधा-शरदचं घर एकाच गल्लीत. दर जुलैत जवळच्या पार्कात मध्ययुगीन बाजार भरतो. तंबू, लोहार, चिलखतं घातलेले सरदार, आणि कोपऱ्यात कॉफीची व्हॅन. आम्ही दोन्ही कुटुंबं दरवर्षी जातो आणि दरवर्षी काहीतरी करून येतो.

* * *

पहिल्याच वर्षी आम्ही आपल्या पद्धतीप्रमाणे उशिरा पोचलो. बाजारातली लुटुपुटूची लढाई संपली होती. जिंकलेल्या राजाचं भाषण चाललं होतं आणि मैदानभर मेलेले सैनिक पडले होते.

मेधा म्हणाली, "आता आलोच आहोत तर ग्रुप फोटो तरी काढू."

पण काढणार कोण? मेधानं सरळ पायाजवळच्या मेलेल्याला विचारलं, "एक्सक्यूज मी, वुड यू माइंड?"

तो उठला. आम्हाला जरा डावीकडे सरकायला लावून दोन फोटो काढले, "लव्हली!" म्हणाला, फोन परत दिला आणि पुन्हा मरून पडला!

* * *

मेधाचाच दुसरा. कुंभाराच्या स्टॉलवर तिला एक मडकं आवडलं. आता मडकं घ्यायचं म्हणजे बोटानं वाजवून बघायला नको? तिनं एक वाजवलं, कानाशी धरलं, मान हलवली, खाली ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

मागे रांग लागलेली. इंग्रज माणसं रांगेत कुरकुर करत नाहीत, पण बघतात मात्र बारकाईनं. मेधा मडकं घेऊन निघाली. मागच्या बाईंनी पुढे होऊन एक मडकं उचललं, टक् टक् केलं, कानाशी धरलं आणि गंभीरपणे खाली ठेवलं. मग त्यांच्या मिस्टरांनी. मग त्यांच्या मागच्यांनी!

अर्ध्या तासानं आम्ही पुन्हा तिथून गेलो तरी टकटक चालूच होती. काय ऐकायचं असतं ते मात्र एकालाही माहीत नव्हतं.

* * *

एका वर्षी माझे सासरे, आप्पा, ठाण्याहून आले होते. जुलै असला तरी वारा बोचरा. आप्पांनी कानटोपी चढवली, अंगावर घोंगडी घेतली, हातात काठी. तासाभरात एक दवंडीवाला आला आणि त्यांना स्टेजवर घेऊन गेला. टाळ्या! बेस्ट कॉस्च्यूमचं बक्षीस! वर्ग, 'गरीब शेतकरी'.

आप्पा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. माईकवरचं इंग्रजी त्यांना नीट कळलं नव्हतं. "कशाबद्दल दिलं रे?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

मिलिंदनं क्षणभर विचार केला. "राजवैद्य म्हणून, आप्पा."

आप्पा खूश! संध्याकाळपर्यंत त्यांनी तिथल्या दोन बायकांना गुडघेदुखीवर ओव्याचा शेक सांगून ठेवला होता.

* * *

शरदची तऱ्हा वेगळी. वीकेंडलाही ऑफिसच्या कॉलवर. त्या वर्षी आम्ही त्याला आग्रह करकरून लाकडी खोड्यात उभं केलं. मान आणि दोन्ही मनगटं आत, वरून फळी बंद. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मॅनेजरबाई!

"उचल, उचल! सर्व्हर पडला असेल!" शरद ओरडला.

मिलिंदनं फोन उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. व्हिडिओ कॉल होता.

बाई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "शरद, इट कॅन वेट टिल मंडे."

* * *

हा मात्र यंदाचा.

शरद-मेधाची मुलगी रुचा इथेच जन्मली. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात नर्स, आणि सुट्टीत चिलखत घालून तलवारीनं लढते. तलवारीला धार नसते, पण मार खरा असतो. गेल्या वर्षी बाजारातल्या स्पर्धेच्या फायनलला गॅरेथ नावाच्या धिप्पाड गड्याशी तिची गाठ पडली. बोलायला गरीब गाय, पण त्याच्या एका फटक्यात रुचाच्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून शरदनं हाय खाल्ली. "माझ्या पोरीला मार बसताना मी बघणार नाही," एवढंच म्हणायचा.

यंदाही फायनल गॅरेथशीच. सकाळी रुचा म्हणाली, "बाबा, एकदाच ये ना. माझी फायनल आहे."

"मी गाडीत बसतो," म्हणून शरदनं किल्ली घेतली आणि निघून गेला. रुचा हातमोजे चढवत राहिली. मला इतका राग आला त्या माणसाचा! मेधा तर रडवेली झाली. लेक जिंकली तर सगळ्यांना गोड म्हणून तिनं पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या होत्या, तुपाच्या बरणीसकट भला मोठा डबा गाडीत होता.

दुपारी ढोल वाजला. रुचा मैदानात आली, दोरीपलीकडच्या गर्दीवरून तिची नजर फिरली. बाबा नव्हता.

मग गॅरेथ आला. अगदी सावकाश. त्याच्या चिलखताचा पट्टा बसेना, दोघं जण दोन्ही बाजूंनी ओढत होते. शिरस्त्राण घालण्याआधी त्यानं मोठी जांभई दिली.

लढाई सुरू झाली. गॅरेथनं तलवार एकदा फिरवली आणि धापा टाकत उभा राहिला. रुचानं डावीकडून एक ठेवून दिली, उजवीकडून एक. तिसऱ्या फटक्याला तो आपणहून गवतावर बसला, आणि मग आडवाच झाला.

"रुचाऽऽ! शाब्बास माझी वाघीण!"

आवाज शरदचा! दोरी ओलांडून तो धावत आला, काखेत मेधाचा डबा. रुचानं शिरस्त्राण फेकून त्याला मिठी मारली. दोघंही रडत होते, आणि दोरीच्या अलीकडे आम्हीही.

मग शरद डोळे पुसून गॅरेथला उठवायला गेला. त्याच्यावर वाकला, हात पुढे केला. गॅरेथनं एक डोळा उघडला. शरदकडे बघितलं, काखेतल्या डब्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"नो, सर! प्लीज! आय कान्ट ईट अनदर वन!"