त्यांच्या हातची भाकर

लिंब मोहरला आणि त्याचा कडूगोड वास अंगणात उतरला, की मला सिंदफणेच्या काठावरची ती सकाळ आठवते. निजामाचं राज्य होतं, आणि मी पाटलाच्या घरची तरणी विधवा. सासरी माझी सावलीही कुणाला नको असायची. नदीकाठी लिंबाखाली महारवाड्यातली माणसं येशूची प्रार्थना करत. धुणं धुता धुता त्यांची गाणी ऐकून मी मनोमन त्याची झाले होते. त्या रविवारी धुणं दगडावर तसंच ठेवून मी त्यांच्यात जाऊन बसले. ऊन पानांतून हळूहळू गळत होतं आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं भासत होतं. प्रभूच्या नावानं मोडलेली ज्वारीची भाकर वाटत आलेली म्हातारी माझ्यापाशी थांबली. “बाई, आमच्या हातचं खाल्लं तर घरचे तुमाला उंबऱ्यात घेणार न्हाईत,” ती हळूच म्हणाली. वाटेवर उभा राहून माझा दीर पाहतच होता. मी विचारलं, “आणि येशू घेईल का मला?” “त्यानं कवाच घेतलंय, बाई.” मी हात पुढे केला. सासरचं दार त्याच दिवशी बंद झालं, आणि म्हातारीनं मला आपल्या झोपडीत नेऊन लेकीसारखं ठेवून घेतलं. आज तिची नातवंडं मला आत्या म्हणतात, आणि त्या हाकेला ओ देताना मला कधीच परकं वाटलेलं नाही.