पंगत उठेपर्यंत

रविवार, २० एप्रिल २०२५, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. नाडी ९६.

मानसिक ताणाखाली हृदयाची लय कशी बदलते, हा माझ्या नियोजित संशोधनाचा विषय. त्यासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. पासपोर्टची पोलीस पडताळणी तेवढी राहिली होती. आणि त्या सकाळी मी आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रेत, बायकांच्या पहिल्या पंगतीत, रिकाम्या पत्रावळीपुढे बसले होते. भांडण होऊन माझ्या नावावर गुन्हा नोंदला गेला, तर पडताळणी अडकणार आणि प्रवेश हातचा जाणार, हे गणित मी बसण्यापूर्वीच मांडले होते.

यात्रेची आमटी-भाकरी आमच्या गावात सर्वांसाठी असते. वर्गणीही सर्वांकडून घेतात. मात्र आमच्या दलित वस्तीची पंगत सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर बसते. ‘तुमी मागाहून या’, एवढेच सांगितले जाते. जातीचा उच्चार कोणी करत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

सुरुवात काकीच्या एका प्रश्नाने झाली. काकी म्हणजे माझी चुलती. माहेर राजुरीचे, जीभ धारदार. “तिकडं अमेरिकेत तरी समद्यांची एकच पंगत असंल न्हाई?” असे तिने विचारले. मी निघण्याआधी त्या देशाचा इतिहास वाचत होते, त्यातले सांगितले. दक्षिणेकडच्या राज्यांत मोठी दुकाने असत. काळ्या माणसाने तिथे वही घ्यावी, साबण घ्यावा, पैसे मोजावेत. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या टेबलापाशी बसू नये. साठच्या दशकात काळे विद्यार्थी जाऊन तिथे बसले. कोणी वाढेना, तरी उठले नाहीत. अंगावर साखर ओतली गेली, तुरुंगात जावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरे येऊन बसले.

“म्हंजी वर्गणी घ्यायची आन् पंगतीला मागं ठिवायचं,” काकी म्हणाली. “लई लांबचं न्हाई हे.”

त्या विद्यार्थ्यांनी आधी अपमान सोसण्याचा सराव केला होता. मला तो भाग पद्धत म्हणून आवडला: ताण अगोदर अनुभवला की प्रत्यक्षात शरीर कमी दचकते. मग आम्ही वस्तीतल्या बायकांनीही पहिल्याच पंगतीत बसायचे ठरवले आणि समाजमंदिरात सराव ठेवला. माझ्या चुलतभावाने खांद्यावर उपरणे टाकले आणि तो गावकीचा पुढारी झाला.

“ए, ऊठ! कुनाला इचारून बसली?”

“तुझ्या बापाला इचारून. जा, पानी आन आदी.”

सगळ्या बायका हसल्या. मी म्हटले, “काकी, उत्तर द्यायचं नाही. तोच तर नियम आहे.”

“त्यो बोलनार आन् मी गप? अमेरिकेतल्या बायांना तोंड नव्हतं व्हय?”

“होतं. म्हणूनच सराव लागला.”

अमेरिकेची पद्धत जशीच्या तशी मात्र चालणार नव्हती. तिथे खुर्च्या मोजक्या. त्या अडल्या की धंदा अडे. आमच्याकडे जमीन मोकळी. आम्ही एका टोकाला घोळका करून बसलो असतो, तर वाढपी आमच्या अलीकडेच थांबला असता आणि पंगत तिथे संपली असती. पण पंगतीचा एक नियम गावात कोणी मोडत नाही: शेवटच्या पानापर्यंत वाढून होऊन ‘हर हर महादेव’ची आरोळी उठल्याखेरीज कोणी भाकरीचा तुकडा मोडत नाही. तेव्हा आम्ही विखरून बसायचे ठरवले. गावच्या दोन बायका, मग आमची एक, पुन्हा गावच्या दोन. अडवण्याचे काम नियमाने करायचे.

आपल्या भाषेत बंडाला उठाव म्हणतात. आमचे सारे बंड न उठण्यात होते.

वाढपी पोरे आली. माझ्या डावीकडच्या पानावर भाकरी पडली, माझे पान ओलांडले गेले, उजवीकडे पुन्हा भाकरी. आमटीचेही तसेच. तीन पाने पलीकडे काकीचा द्रोण कोरडाच. सरावात माझी नाडी ९०च्या वर गेली नव्हती. आता बोटाखाली ती निसटत होती, आणि मला मोजणे सोडवत नव्हते.

यात्रा कमिटीचे एक गृहस्थ माझ्यापुढे येऊन उकिडवे बसले. आवाज मऊ होता. “ताई, तुमी शिकलेल्या. तुमचं पासपोर्टचं काम चाललंय म्हनं. चौकशीला गावातच येत्यात न्हाई का?”

या वाक्याचा सराव आम्ही केला नव्हता.

“इचार करा,” म्हणून ते उठले. मी खरोखर विचार केला. उठून जाण्यासाठी लागणारी वाक्येही तयार झाली: पोटात दुखते आहे, फोन आला आहे. उजवा पाय मुडपून बधिर झाला होता, तो मी सरळ केला आणि परत मुडपला.

तेवढ्यात पंगतीतूनच ओरड सुरू झाली.

“अवो, आमटी गार व्हायली!”

“वाढा की राव, पोटात कावळं वरडाय लागलं!”

“मी साखरंची गोळी घिऊन बसलीय. मला चक्कर आली तर कमिटी दवाखान्यात नेनार हाय का?”

समोर वाढलेले अन्न सोडून उठणे म्हणजे प्रसादाचा अवमान; त्यामुळे त्यांनाही उठता येत नव्हते. आणि काकीने अखेर नियम मोडलाच. “आमाला बी गार आमटी चालत न्हाई बरं का!”

कोणीतरी हसले. आमच्यातले नव्हते.

कमिटीच्या त्या गृहस्थांनी हात हलवला. एक वाढपी टोपली घेऊन मागे फिरला. माझ्या पानावर भाकरी वरून पडली. पंगतीत ती सर्वांनाच वरून टाकतात; किती वरून, हा प्रश्न होता. शेजारच्या पानावर ती पडताना मी हाताची उंची पाहिली नव्हती. तुलनेला आधार नाही म्हणजे निष्कर्ष नाही. आणि गावच्या बायकांची पाने तर आधीच वाढून झाली होती.

मागून आमटीही आली आणि ‘हर हर महादेव’ झाले. काकी जेवू लागली, अगदी सावकाश, पंगत उठेपर्यंत पुरेल अशा बेताने. मीही भाकरी कुस्करली. मागे मंडपाच्या खांबाला टेकून ते गृहस्थ फोनवर बोलत होते आणि माझ्याकडे पाहत होते. आता नाडी उतरायला हवी होती. डाव्या हाताची बोटे गळ्यावर ठेवली आणि पुन्हा मोजली.

११८.