ग्रॅनाडाची तिकिटं

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळात कुणाला एअरपोर्टला सोडायचं असो की स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडायच्या असोत, सगळ्यांना आधी ईश्वर आठवायचा. नागपूरचा इंजिनीअर, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि 'नाही' हा शब्द तोंडात नाही. लोक त्याला राबवून घ्यायचे आणि हा भला माणूस त्याला मैत्री समजायचा.

तीन कुटुंबांनी एप्रिलमध्ये स्पेनला जायचं ठरलं. सेव्हिल, कॉर्डोबा, ग्रॅनाडा, ही जुन्या मूर मुस्लिम राजवटीची शहरं. ईश्वरच्या बायकोला, कांताला, तिथल्या रस्त्यांवरचा संत्र्यांचा बहर बघायचा होता. नागपूरची ना ती! हॉटेलं, रेल्वे, ग्रॅनाडाच्या राजवाड्याची तिकिटं, सगळं अर्थातच ईश्वरच्या गळ्यात पडलं.

शेवटची मीटिंग पहिल्यांदाच त्याच्या घरी झाली. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि वर बाबासाहेबांचा फोटो. ईश्वर रंगात येऊन सांगत होता, कॉर्डोबात एके काळी तीन धर्मांची माणसं शेजारी राहायची.

"किती ब्यूटिफुल!" शैलजा म्हणाली. ती फोटोकडे बघत होती. तिच्या नवऱ्याने, संजयने, नागपुरात घर नेमकं कुठे म्हणून विचारलं. मग सगळ्यांना एकदम डाएट आठवलं आणि कांताचे साबुदाणा वडे तसेच राहिले.

त्याच आठवड्यात संजयचा मेसेज आला. मुलांच्या परीक्षा आहेत, ट्रिप कॅन्सल. ईश्वरने विश्वास ठेवला. कांताने ठेवला नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी नाश्त्याच्या वेळी संजयचा फोन आला. ईश्वरने स्पीकर लावला.

"ईश्वर, यार, उद्याची राजवाड्याची तिकिटं तुझ्याच ईमेलवर आहेत ना? आमची फॉरवर्ड कर. इथे सगळं सोल्ड आउट आहे."

"इथे म्हणजे?"

"ग्रॅनाडात. अरे, अचानकच ठरलं आमचं."

मागे शैलजाचं हसणं ऐकू येत होतं.

"ती मी कॅन्सल केली," ईश्वर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. आज आलं, पण त्यानेही काही बरं वाटलं नाही.

पायलने, त्यांच्या मुलीने, फोन उचलून ईमेल पाहिली. "बाबा, दे आर राइट हिअर. आपली नावंपण आहेत. देन व्हाय डिडन्ट वी गो?"

ईश्वरने तिच्या हातून फोन घेऊन टेबलावर पालथा ठेवला. पोरीला हे कधी सांगावं लागू नये, म्हणून तर तो इतक्या लांब आला होता.

कांताने गॅस बंद केला.

"सांगा तिला," ती म्हणाली.