ठोकळ्यांवरची गाडी

मंडळी, आधी कबुली. या ग्रुपवरच्या अनुभवांखाली "वायरिंग तपासून घ्या" अशी कॉमेंट टाकणारा आगाऊ माणूस मीच. दोंडाईच्यात माझं पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. जगातल्या सगळ्या भुतांचं मूळ लूज कनेक्शनमध्ये असतं, अशी माझी पक्की समजूत होती. ज्यांना माझ्यावर सूड उगवायचाय त्यांनी खुशाल उगवा… फक्त आधी पूर्ण वाचा.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझ्या वडिलांचा, नानांचा, कॅन्सर मणक्यात उतरला होता. कमरेखाली संवेदना उरली नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, आणि ते कोणत्या अर्थाने सांगितलं ते आम्हाला कळलं.

घरी आल्यावर नानांनी एकच गोष्ट मागितली, नेहमीच्या अहिराणीत.

"एकदाव सारंगखेडाना पूलवर ली चाल. मनी गाडीमा."

नानांची गाडी म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली जुनी पिकअप. वयाने माझ्यापेक्षा मोठी. पुढे सरळसोट लोखंडी एक्सल, त्याला कमानपाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि ड्रम ब्रेक. नानांनी आयुष्यभर तिच्यातून लाल मिरची वाहिली. तापी ओलांडताना पुलाच्या अलीकडे गाडी थांबवायची, उतरून चारी चाकांच्या हबला हात लावून बघायचा, मग चहा. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग. बेअरिंग बिघडत असेल तर तो आधी तापतो.

"अँब्युलन्स सांगतो ना," मी म्हणालो.

"अँब्युलन्समा मढं जास. मी अजून जित्ता शे."

अडचण अशी, की ती गाडी खड्ड्यावरून गेली की बसणाऱ्याचे दात वाजायचे. नानांच्या मणक्याला कुशीवर वळणंसुद्धा सहन होत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात ती थोर कल्पना आली. पुढचं सगळं काढून टाकायचं! पाटे, एक्सल, हब, ड्रम… आणि जागी एखाद्या नव्या गाडीचं कॉइल स्प्रिंगचं सस्पेन्शन, डिस्क ब्रेकसकट. नाना गादीवर बसल्यासारखे पुलापर्यंत जातील. परदेशातले लोक मोबाईलवर अर्ध्या तासात करून दाखवतात. मी तर रोज बेअरिंग ठोकणारा माणूस.

"नानांना न्यायचंय, का तुम्हाला खेळायचंय?" माझी बायको पुष्पा म्हणाली. तिला उत्तर द्यायचं नसतं, हे एवढंच शहाणपण माझ्याकडे आहे.

नानांना सांगितलं तर ते हसले. "तू पंपच दुरुस्त कर रे भाऊ."

गावात हमीदचाचा आहेत. जुन्या गाड्यांवर हात फिरवूनच त्यांचे केस पांढरे झाले. त्यांना विचारलं असतं तर हा अनुभव लिहायची वेळच आली नसती. पण ते दोन दिवस थांब म्हणाले असते, आणि नानांकडे बघून मला थांबवत नव्हतं.

तर, चुका क्रमाने. डाव्या चाकाचे नट सुटेनात, म्हणून पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. तीन बोल्ट मोडले. त्या काळच्या काही गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे मी नट सोडत नव्हतो, आवळत होतो. मग गाडीच्या सांगाड्यावरचे, पाटे अडकवायचे लोखंडी कान ग्राइंडरने कापले. जुने हब डिझेलने लख्ख धुतले, बेअरिंगमधलं सगळं ग्रीस काढलं, आणि वर्तमानपत्रावर कोरडे ठेवून दिले. गाडी पुढून दोन लाकडी ठोकळ्यांवर.

मग जळगावच्या भंगार बाजारात गेलो. पुढच्या रुंदीचं माप सुतळीला गाठ मारून नेलं होतं. बसमध्ये त्याच सुतळीने डब्याची पिशवी बांधली, आणि उतरल्यावर कोणती गाठ गाडीची नि कोणती डब्याची ते कळेना. अंदाजाने एक धरली. सस्पेन्शन आणलं ते चार बोटं जास्त रुंद निघालं. शिवाय नवे हब पाच बोल्टचे, आणि आमच्या चाकांना भोकं सहा.

आता जुनं परत बसत नाही, नवं बसत नाही. नाना रोज सकाळी विचारायचे, "व्हयनी का गाडी?" मी म्हणायचो, "व्हई, उद्या."

जळगावहून आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी जुने हब उचलायला गेलो, आणि डाव्या हबने हात भाजला.

पहिला विचार अर्थातच — ऊन. पण शेडमध्ये ऊन येत नाही. शेजारचा एक्सल गार, पाना गार, हबखालचं वर्तमानपत्रही गार. दुकानातून टेंपरेचर गन आणली, पंप तापतो का ते बघायची. डावा हब एकाहत्तर अंश. उजवा चोपन्न. एक्सल एकवीस. सेल बदलून पुन्हा मारली. तेच. तासाभरात दोन्ही गार झाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. अडीचला गार, चारला गरम. त्याच्या पुढच्या दिवशी मी अडीचपासून समोर स्टूल टाकून बसलो. काही हललं नाही, आवाज आला नाही. बसल्या जागी लोखंड तापत गेलं.

शेवटी चौथ्या दिवशी तीन वाजून गेल्यावर गेलो चाचांकडे. ते आले. आधी कापलेले कान बघितले, मग मोडलेले बोल्ट, मग माझ्याकडे.

"दिलीपभाऊ, हे गाडीच्या चोरांनी केलं का?"

"मी केलं, चाचा."

"चोर बरे. ते मोजून नेतात."

मग हबला हात लावून त्यांनी झटकन मागे घेतला. बोटांच्या टोकांना थुंकी लावली.

"हे कोरडं बेअरिंग चालल्याची गरमी आहे," ते म्हणाले. "लांब चाललंय. कुठे गेला होता घेऊन?"

"चाचा, चाकं तिकडे भिंतीला आहेत."

चाचांनी जाऊन चाकांवरची धूळ बोटाने पुसून बघितली.

त्याच दुपारी पुष्पाने मला नानांच्या खाटेपाशी बोलावलं. नाना दोन ते चार झोपायचे. पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय ताणला होता. पंजा खाटेच्या लाकडाला टेकवून जोरात दाबत होते. सोडायचे, परत दाबायचे. ज्या पायाला डॉक्टरने सुई टोचली तरी कळलं नव्हतं, तो पाय. "चार दिवस झाले," पुष्पा हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, पेटके येत असतील."

चारला त्यांनी डोळे उघडले. घामाघूम. थंडीत.

"डावा हब जास्ती तपस ना?"

"तुमले कोणी सांगं?"

आता माझ्यातला वायरिंगवाला म्हणेल, की गाडी त्यांचीच होती, डावा हब तापतो हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत असणार. असेल. मीही तसंच धरून बसलो होतो. पण पुढे ते म्हणाले,

"रोज जास मी. पूल येतच नही. थांबाले जास ते ब्रेक लागत नही. ब्रेक कसाले काढी टाक्यात रे?"

ब्रेक काढल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत होतं ते एवढंच की मी स्प्रिंग बदलतोय.

मंडळी, मला भीती नानांची वाटली नाही. भीती ही वाटली, की यांना जायचं होतं एकदा, थांबून चहा प्यायचा होता, आणि मी त्यांना कुठल्यातरी रस्त्यावर बिनब्रेकचं सोडून दिलंय.

मी धावत चाचांकडे गेलो. "जुनं होतं तसं करून द्या. आजच."

चाचा लगेच हत्यारं घेऊन आले. पण कापलेले कान परत वेल्ड करायचे, तर एक्सल सरळ बसेना. मोडलेले बोल्ट धुळ्याला लेथवर करून घ्यावे लागले. ब्रेकच्या सिलिंडरचं रबर धुताना माझ्याच डिझेलने फुगलं होतं, तसलं रबर धुळ्यात नाही, जळगावात नाही. शिरपूरला एकाकडे त्या रबरांचा जुना डबा निघाला. यात सहा दिवस गेले. सहाही दिवस दुपारी तो पाय खाट दाबत होता, आणि हब तापत होते.

सहाव्या दिवशी ड्रम बसवत होतो, ब्रेकच्या पाइपमध्ये ऑइल भरायचं बाकी होतं, त्याशिवाय ब्रेक लागत नाहीत. पुष्पाने हाक मारली. गेलो तर नाना जागे होते, श्वास वरवरचा. माझे ग्रीसचे हात बघून म्हणाले,

"ब्रेक लागनात का?"

"हां नाना. लागनात."

खोटं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाय दाबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी न थांबल्यावर माणसाचा जो चेहरा होतो, तो मी बघितला. चारला थोडा वेळ होता. गेले.

तिरडीवर तो पाय सरळ होईना. चाचांनी आणि मी मिळून केला.

दशक्रियेनंतर आम्ही काम पुरं केलं. काहीतरी करायला हवं म्हणून. ब्रेकमधली हवा काढली, बेअरिंगला ग्रीस भरलं, चाकं चढवली, ठोकळे काढले. गाडी आता चारी चाकांवर उभी आहे. एकदा मी ती रिकामीच सारंगखेड्याच्या पुलापर्यंत नेली, थांबवली, हबला हात लावला, आलो. वाटलं, झालं असेल.

झालेलं नाही. रोज चारला डावा हब गरम असतो. टायरखालून मुंग्यांची रांग जाते ती मोडलेली नसते, म्हणजे गाडी जागची हललेली नसते. सुरुवातीला तापमान एका वहीत लिहायचो, ते सोडून दिलं.

आता अडीचला दुकान बंद करून मी शेडमध्ये जातो. केबिनमध्ये बसतो आणि नानांच्या वतीने ब्रेकवर पाय दाबून धरतो. पुष्पाला यात काही वेड वाटत नाही, ती चहा आणून देते. काल पाऊण तास दाबून बसलो, पाय थरथरायला लागला तरी सोडला नाही. मग उतरून डाव्या हबला हात लावला.

भाजला.