स्टॅनीच्या परवानग्या

वसईला स्टॅनीच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की तिथे पंख्याचं बटणसुद्धा विचारल्याशिवाय दाबायचं नसतं. फ्रिजला कुलूप, वायफायला दर आठवड्याला नवा पासवर्ड, आणि विहिरीच्या रहाटालाही साखळी. "लग्न लावताना फादरांनी मला कुलपांचं काही सांगितलं नव्हतं," असं त्याची बायको मर्लिन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माणूस मनाने वाईट नव्हता हो. यंत्रातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहायची त्याची नोकरी, आणि त्या नोकरीत संशय घेण्याचाच पगार मिळतो. सवय घरापर्यंत आली, त्याला बिचारा काय करणार!

खरी खोड वेगळीच होती. कुणी काही मागितलं, की स्टॅनी हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. नुसता गप्प. त्याच्या मुलीला, टिफनीला, पाचूबंदरच्या केविनशी लग्न करायचं होतं. केविनच्या आईने, शर्लीने, चर्चबाहेर विचारलं, फोनवर विचारलं, एकदा तर बाजारात त्याला पापलेट कापून देता देता विचारलं. स्टॅनी पापलेट घेऊन घरी आला.

"पप्पा, नाही म्हणायचंय तर नाही म्हणा ना," टिफनी रडकुंडीला येऊन म्हणाली, "निदान भांडता तरी येईल!"

शेवटी शर्लीने निरोप धाडला. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही घरी येतो. तेव्हाही उत्तर नाही मिळालं, तर हा विषय संपला.

नेमकं आदल्याच दिवशी, शनिवारी, स्टॅनीने वाडीतल्या सोनचाफ्याला आपोआप पाणी देणारं यंत्र बसवलं. मातीतला सेन्सर ओलावा मोजतो. तो आकडा चिपच्या मेमरीत नेऊन टाकायला आत हमाल असतात, त्यांना डीएमए चॅनल म्हणतात. सेन्सरने हाक मारली की ती कोणत्या हमालाकडे पोचवायची, हे आधी ठरवून द्यावं लागतं. स्टॅनीने सगळेच्या सगळे हमाल सुरक्षित खात्यात टाकले, फक्त वरिष्ठ प्रोग्रामनेच त्यांना कामाला लावावं असा नियम केला, आणि त्या नियमालाही कुलूप ठोकलं. चिप बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते खुद्द स्टॅनीलाही उघडता येणार नव्हतं. सोनचाफ्यावर कोण दरोडा घालणार होतं, देव जाणे!

पाणी देणारा प्रोग्राम मात्र त्याने साध्या खात्यातच ठेवला. तो हमाल मागत राहिला. चिपने ना हमाल दिला, ना ओरडून काही सांगितलं. मेमरीतला आकडा शून्यावरच राहिला, आणि प्रोग्रामची खात्री पटली की वाडीत दुष्काळ पडलाय.

रविवारी पाहुणे चाफ्याखाली खुर्च्या टाकून बसले. केविनचे वडील ज्युलियस सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, डबा उघडतात न उघडतात, तोच यंत्राची पाणी द्यायची वेळ झाली आणि चारी बाजूंनी फवारे उडाले. स्टॅनीने फोनवरून पंप बंद केला. प्रोग्रामने शून्य वाचलं आणि घाबरून पुन्हा सुरू केला. घराचा मेन स्विच पाडून उपयोग नव्हता, कारण पंप सोलरच्या बॅटरीवर. स्टॅनी छत्रीखाली लॅपटॉप घेऊन चूक शोधत बसला. पाहुणे निथळत होते, सुकेळी फुगत होती.

केविन बॅटरीपाशी पोचला. "अंकल, वायर काढू?"

स्टॅनी गप्प.

"अंकल, काढू का?"

"ओ, काहीतरी बोला!" मर्लिन किंचाळली.

"काढ," स्टॅनी पुटपुटला.

फवारे थांबले. मर्लिन टॉवेल आणायला धावली. ज्युलियस म्हणाले, "होडीत याच्यापेक्षा जास्त पानी उडतं," आणि ओली सुकेळी खायला लागले. तेवढ्यात स्टॅनीला चूक सापडली आणि तो चिपवर भडकला.

"कालपासून तो प्रोग्राम मागतोय, आणि ही बया गप्प! नाही द्यायचं तर नाही म्हण ना! मागणाऱ्याने समजायचं काय? हा कसला माज?"

सगळे स्टॅनीकडे बघत राहिले. बघता बघता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

शर्लीने पदर पिळला. "स्टॅनीभाऊ," ती शांतपणे म्हणाली, "आमचं बी कवापासून एक मागनं हाय."

स्टॅनीने मान वर केली. समोर टिफनी उभी होती, केस गालाला चिकटलेले, डोळे त्याच्यावर खिळलेले. पोरीला आपण इतके दिवस असं ताटकळत ठेवलं!

"हो," तो म्हणाला. सवय नसल्यामुळे आवाज चिरका निघाला.

"पप्पा," टिफनी म्हणाली, "परत म्हणा."

स्टॅनी परत म्हणाला.