पदरातला मलिदा

जात्याच्या तोंडात गव्हाची मूठ तशीच अडकून आहे, सुपात निम्मे गहू, पीठ उघडंच. झाकावं म्हणून उठते आणि भलत्याच कामाला लागते. सकाळपासून नामस्मरणातही मन ठरत नाही. साळूबाई परवा सकाळी जातं सोडून धावली, ती अजून परतलेली नाही.

साळूबाई मूळची तिसगावची. दळायला आली की आधी जात्याला नमस्कार, मग मला. आवाज मोठा, हट्ट त्याहून मोठा. कुणाच्या घरचं फुकट खायची नाही, देवाघरचं मात्र कधी नाकारायची नाही. नवरा सहादेव इथे नगरच्या बाजारात हमाल; पोतं पाठीवर घेऊन धावणारा गडी. दर साली तो पैठणहून गोदागंगेचं पाणी कावडीने मढीला कानिफनाथांना नेतो. कावड खांद्यावर असेतो पोटभर जेवत नाही. जर्मनची लढाई संपली तरी गुळाची टंचाई आहेच, पण नाथांच्या मलिद्यासाठी साळूबाईने वर्षभर गूळ राखून ठेवला होता. यंदा सहादेव मढीहून प्रसादाचं गाठोडं घेऊन आला आणि भुकेला गडी मन भरेतो मलिदा खाऊन झोपला. परवा सकाळी, साळूबाई माझ्याकडे दळत असताना, उठू म्हणाला तर हात हलेना, पाय हलेना.

मी दवाखान्यात गेले तेव्हा खाटेवर ओल्या पोत्यासारखा पडला होता. बोलणं मात्र शाबूत.

"वैनी, समदं गेलं, तोंड तेवढं ऱ्हायलं. उलटं झालं असतं तर हिला लई बरं वाटलं असतं."

"गप ऱ्हावा," साळूबाई म्हणाली. "देवाच्या कानावर जाईल."

डॉक्टर आमच्या ह्यांच्या ओळखीचे. म्हणाले, "हा अर्धांगवायू नव्हे. रक्तात पोटॅशचा क्षार असतो, तो कमी पडला की स्नायू असे ढिले होतात. खूप कष्ट आणि त्यावर पोटभर गोड, अशाने एखाद्याला होतं. गोड अगदी बंद. हे श्वासापर्यंत पोचलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

खारट औषध दिलं. संध्याकाळी सहादेव उठून बसला, मला हात जोडले. मी देवापुढे तुपाची वात लावली.

काल सकाळी पुन्हा तेच. आता मानसुद्धा उचलेना, श्वास तुटक तुटक. "औषध तर पोटात गेलंय," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. साळूबाई पदर मुठीत आवळून भिंतीला टेकली होती. सहादेवच्या मिशीत मला मलिद्याचा कण दिसला.

तिला व्हरांड्यात ओढलं. "साळूबाई, काय दिलंस त्याला?"

"परसाद."

"डॉक्टर नाही म्हणाले होते ना?"

"गोड न्हाई म्हनले. परसाद काय गोडात येतो व्हय? तुमी कवा नैवेद्य चुकवता का? मी मलिदा बंद केला आन नाथांनी हात काढून घेतला, मग? परसाद कवा कुनाला नडलाय, वैनी?"

मीसुद्धा तीर्थाचा थेंब खाली सांडू देत नाही. आतून त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. एक श्वास संपला की दुसरा येईतो माझाच जीव अडकायचा.

"नडत नाही," मी म्हटलं. "पण एकादशीला कुणी भाताचा प्रसाद पुढे केला तर आपण काय करतो? कपाळाला लावतो न् बाजूला ठेवतो. देव रागावतो का?"

तिने पदराची गाठ चाचपली.

"म्हंजी त्येंनी गोडाचा उपास धरला म्हना की."

"हो. उपासच."

"मंग नाथ काय म्हननार न्हाईत."

आत जाऊन तिने डॉक्टरांना स्वतःच सांगितलं. ते रागावले नाहीत, लगेच औषध वाढवलं. मग तिने एक कण सहादेवच्या कपाळाला लावला आणि गाठोडं सोडून खाटेखाटेवर वाटत सुटली. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले म्हातारे आप्पासाहेब होते. म्हणाले, "मला जरा जास्ती घाल गं. पाय मोडलाय, दात न्हाई!"

आज सकाळी सहादेवचा श्वास सरळ लागला आहे. मान उचलतो, बोटं मिटतो. पाय अजून तसेच. डॉक्टर म्हणतात येतील. कधी ते सांगत नाहीत.

निघताना साळूबाई माझ्यामागे फाटकापर्यंत आली. पदराची गाठ सोडून मलिद्याचा एवढासा गोळा माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो तुमच्या देवापाशी ठिवा. त्येंनी मागितला तर माजा हात न्हाई राह्याचा."

तो देवघरात झाकून ठेवला आहे. पुढच्या औषधाला कंपाउंडरने घरची बाटली मागितली आहे. एरंडेलाची बाटली राखेने घासून ठेवली. ती घेऊन आता दवाखान्यात जायचं.