मशीनवर चार पोती धान

समस्त जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मिलिंग मशीनवर धानाची पोती लादण्याचा जगातला पहिला प्रयोग फुलचूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पार पडला असून, प्रस्तुत लेखक त्यात हमालाच्या भूमिकेत होता. कोणाचा याआधीचा दावा असल्यास पुरावा घेऊन यावे.

दोन हजार आठ-नऊचा सुमार. मालक शेतीवाल्या घरातले. वर्कशॉपात राईस मिलचे सुटे भाग व्हायचे. त्यांनी नागपूरहून एक छोटी, वापरलेली सीएनसी मशीन आणली आणि हाताच्या ड्रिलवरून उचलून मला तिच्यापुढे बसवलं. मी लगेच फुलचूरपासून गोंदिया स्टेशनापर्यंत ज्याला त्याला सांगत सुटलो, की आपण आता कॉम्प्युटरनं लोखंड कापतो. कापत होतो ॲल्युमिनियम, पण ते बघायला कोण येतंय?

कापायचा तुकडा ज्यावर बसवतात ते मशीनचं टेबल किती वेगानं पळावं हा एक आकडा, आणि थांबल्या जागेवरून त्यानं तो वेग किती झटक्यात गाठावा हा दुसरा. दोन्ही आपणच भरायचे. मालकांना पळणारी मशीन आवडायची, आणि मीही काही संत नव्हतो. दोन्ही आकडे असे चढवले, की पहिल्यांदा जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखं टेबल उधळायचं. शेड थरथरायची. मालक खूश.

मग एका मिलच्या बारा पट्ट्यांचं काम आलं. प्रत्येकीत आठ छिद्रं. पहिलं जागेवर, आठवं तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला. तीन पट्ट्या भंगारात गेल्या. मशीन हलते म्हणून छिद्र हलतं, असं मालकांचं निदान. मिलमध्ये चाळणी नाचायला लागली की पायथ्याशी वजन ठेवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. घरून चार पोती धान आलं. ते पाठीवर वाहून मी मशीनच्या बैठकीवर रचलं. थरथर कमी झाली, आठवं छिद्र मात्र होतं तिथंच. नेमका तेव्हा मिलचा मिस्त्री डोकावला.

"हे वर्कशॉप आहे का गोदाम बे?"

मालक चिडले. शनिवारपर्यंत पट्ट्या बरोबर झाल्या नाहीत तर मशीनवर ताडपत्री आणि तू परत हाताच्या ड्रिलवर, असं त्यांनी मला मिस्त्रीसमोरच सुनावलं. स्टेशनापर्यंत पसरलेली माझी कीर्ती डोळ्यांसमोर तरळली.

दुपारी मालक जेवायला गेले. मी टेबलाला डायल गेज लावला. केसभर सरकलं तरी त्याचा काटा हलतो. काटा शून्यावर ठेवून टेबल पन्नासदा पुढे-मागे पळवलं आणि मूळ जागी आणलं. काटा शून्यावर नव्हता. झटका इतका मोठा होता, की मोटरला टेबल ओढवत नव्हतं. ही मोटर पावलं मोजत फिरते; मधली काही पावलं ती चुकायची आणि संगणकाला पत्ताच नसायचा. दुसरा आकडा निम्मा केला. तरी थोडी चूक राहिली. आणखी उतरवला. चौथ्या खेपेला काटा शून्यावर आला. थोडी माया असावी म्हणून मी तो आणखी जरा खाली घेतला, वेगही थोडा कमी केला आणि पोती उतरवली.

मालक आले, टेबलाकडे पाहून थबकले.

"काऊन बे, व्होल्टेज कमी आहे का? मशीन झोपून राहिली."

मी म्हटलं, भाऊ, घड्याळ लावून बघा. एका पट्टीला जेमतेम एक मिनिट जास्त लागलं. वेळ जातो तो कापण्यात. पळणं फक्त एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत. मालकांनी आकडे परत चढवायला सांगितलं नाही.

शनिवारी मिस्त्री बोल्टांची पिशवी घेऊन आला. एकेक पट्टी घेऊन बोल्ट घालत गेला. प्रत्येक पट्टीच्या आठव्या बोल्टाला मी मान पुढे काढून बघायचो. बाराही पट्ट्यांत सगळे बोल्ट बोटानं आत गेले. हे जमलं कसं, असं त्यानं विचारलं. मी भाषणाच्या तयारीनं घसा खाकरला, तेवढ्यात मालकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. त्यांना कुजबुजायचं होतं. पण सगळी उमर मशीनच्या आवाजात गेलेला माणूस तो, मिस्त्रीच काय, रस्त्यावरच्यांनाही ऐकू गेलं:

"हळू केली म्हणून सांगू नोको बापा, लोकं म्हणतीन याईची मशीन सुस्त आहे."